रुग्णालयातील संगणक आणि विचारण्याचे धैर्य

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





अशा समारंभात वक्त्याने विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी प्रथा आहे. उपदेश तुम्ही वर्षभर ऐकतच असता. म्हणून आज मी उपदेशाऐवजी एक विषय घेऊन तुमच्यापुढे उभी आहे. रुग्णालयात संगणक आल्यानंतर डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांना रुग्णाच्या सुरक्षिततेचे शिक्षण कसे द्यावे, आणि त्यासाठी खऱ्या रुग्णाला हात लावण्यापूर्वी कृत्रिम रुग्णावर सराव कसा करून घ्यावा, हा तो विषय. त्याला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला सराव-प्रयोग म्हणू.

हा विषय फक्त वैद्यकीय मंडळींचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचा नातेवाईक म्हणून रुग्णालयाची पायरी चढतोच. शिवाय येथे बसलेल्या मुलामुलींपैकी काही जण उद्या त्याच रुग्णालयांत पांढरा कोट किंवा गणवेश घालून उभे राहणार आहेत. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

पूर्वी रुग्णाची सर्व हकीकत केसपेपरवर असे. डॉक्टरांचे अक्षर लागत नसे, कागद गहाळ होत असे, एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत जात असे. संगणकाने यातील पुष्कळ दोष दूर केले. अक्षर लागत नाही ही तक्रार राहिली नाही. कोणते औषध रुग्णाला सोसत नाही, हे एकदा नोंदले की पुढच्या वेळी संगणक आठवण करून देतो. आपल्या देशातही २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात झाली आणि नागरिकांना चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक मिळू लागला. ही प्रगती स्वागतार्ह आहे, आणि मी संगणकाच्या विरोधात बोलायला येथे आलेली नाही.

तथापि यंत्र आले म्हणजे चूक संपली, असे मात्र नाही. चुकीचे रूप बदलते. हे नीट समजण्यासाठी अमेरिकेतील एक घटना सांगते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ साली ती घडली. रुग्णालयाने ती लपवून ठेवली नाही. उलट तेथीलच प्राध्यापक डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांना ती लिहू दिली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या त्यांच्या ग्रंथात ती सविस्तर आली आहे.

सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. तो नेहमी एक साधे जंतुनाशक औषध घेत असे, दर वेळी एक गोळी. मुलाचे वजन सुमारे ३८.६ किलो होते आणि चाळीस किलोंहून कमी वजनाच्या रुग्णाला औषध वजनाच्या हिशेबाने द्यावे, असा तेथील नियम होता. त्यानुसार दर किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १९३ मिलिग्रॅम, अशी मात्रा डॉक्टरांनी नोंदली. गोळी मिळते १६० मिलिग्रॅमची. तेव्हा मात्रा १६० करून द्यावी, असे औषधनिर्मात्याने कळवले. डॉक्टरांनी संगणकावर १६० हा आकडा घातला. परंतु त्या रकान्यात एकक होते ‘दर किलोला मिलिग्रॅम’. संगणकाने १६० ला वजनाने गुणले आणि मात्रा ठरली साडेअडतीस गोळ्या.

संगणकाने इशारा दिला होता. डॉक्टरांनी तो बाजूला सारला, कारण असे इशारे दिवसभर येतच असत आणि त्यांतील बहुतेक निरुपयोगी असत. औषधनिर्मात्याच्या पडद्यावरही इशारा आला. तोही तसाच गेला. नंतर यंत्रमानवाने साडेअडतीस गोळ्या बिनचूक मोजून बांधल्या. वॉर्डात त्या दिवशी जी परिचारिका होती, ती तेथील नेहमीची नव्हती, दुसऱ्या विभागातून मदतीला आली होती. इतक्या गोळ्या पाहून तिच्या मनात शंका आली. पण तिने बारकोड तपासला, तेव्हा संगणक म्हणाला, बरोबर आहे. वॉर्डातील सर्व जण आपापल्या कामात गढलेले. आपण विचारले तर अडाणी ठरू, असे तिला वाटले. तिने विचारले नाही. मुलाने सर्व गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला मोठा झटका आला आणि त्याचा श्वास थांबला. डॉक्टरांनी धावपळ करून त्याला सावरले. सुदैवाने तो वाचला.

आता विचार करा, या प्रकरणात अडाणी कोण होते? कोणीच नव्हते. डॉक्टर शिकलेले, औषधनिर्माता अनुभवी, परिचारिका काळजीपूर्वक बारकोड तपासणारी आणि यंत्रे जगातील उत्तमांपैकी. बारकोडने फक्त एवढेच सांगितले की, संगणकात जे लिहिले आहे तेच औषध समोर आहे. जे लिहिले ते योग्य आहे की नाही, हे बारकोडला कसे कळावे? प्रत्येकाने आपल्या मागच्यावर आणि यंत्रावर विश्वास ठेवला. एका रकान्यातील एकक आणि एक न विचारलेला प्रश्न, या दोन गोष्टींनी एका मुलाचा जीव टांगणीला लागला.

इशारे का दुर्लक्षिले जातात, याचेही उत्तर त्याच रुग्णालयातील एका अभ्यासाने दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिदक्षता विभागांतील ७७ खाटांवरच्या यंत्रांचे इशारे ३१ दिवस मोजले गेले. ते भरले पंचवीस लाखांहून अधिक. त्यांतील नुसते कानावर पडणारे इशारे धरले, तरी दर खाटेमागे रोज १८७ होते. ज्या गल्लीत रात्रंदिवस कुत्री भुंकतात, तेथे चोर आला तरी कोणी उठून दार उघडत नाही. माणसाचा स्वभावच असा आहे.

केवळ यंत्र घेऊन भागत नाही, हे दाखवणारे आणखी एक उदाहरण आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी औषधांच्या सूचना संगणकावरच द्याव्यात, अशी पद्धत सुरू झाली. पुढे २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून तातडीने आणलेल्या बालरुग्णांतील मृत्यूचे प्रमाण या बदलापूर्वी २.८० टक्के होते, ते बदलानंतरच्या काही महिन्यांत ६.५७ टक्के झाले, असे त्यात आढळले. पूर्वी मूल रुग्णवाहिकेत असतानाच डॉक्टर औषधांची तयारी सांगून ठेवत. नव्या पद्धतीत मूल दाखल झाल्याची नोंद होईपर्यंत संगणक सूचनाच स्वीकारीत नसे. शिवाय रुग्णाजवळ उभे राहणारे डॉक्टर आता पडद्यासमोर अडकून पडू लागले. परंतु येथेच थांबून संगणकाला दोष देऊ नका. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात असाच बदल झाला, तेव्हा मृत्यू वाढले नाहीत, असे २००६ साली दिसून आले. स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयाने तर २०१० साली मृत्यूचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध केले. काम एकाच जातीचे असून फळे इतकी निराळी. मग फरक कोठे असावा? यंत्र कसे बसवले, कामाची घडी कशी घातली आणि माणसांची तयारी कशी करून घेतली, येथेच तो शोधावा लागतो.

ही तयारी करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे सराव-प्रयोग. याची कल्पना आली विमानविद्येतून. अमेरिकेतील एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भात्यांचा उपयोग करून त्याने १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, वळणारे खोटे विमान बनवले. लोकांना ते जत्रेतले खेळणे वाटले. पुढे १९३४ साली खराब हवामानात टपाल नेणारे अनेक लष्करी वैमानिक अपघातांत मरण पावले, तेव्हा सैन्याने ती यंत्रे विकत घेतली. आज कोणताही वैमानिक इंजिन बंद पडण्याची आपत्ती प्रथम अशा खोट्या विमानात अनुभवतो, आणि प्रवाशांचे विमान त्यानंतरच त्याच्या हाती दिले जाते.

वैद्यकशास्त्रात हीच वाट नॉर्वेतील एका खेळणी बनवणाऱ्याने दाखवली. आसमुंड लेर्डाल हे त्यांचे नाव. तोंडाने श्वास देऊन प्राण वाचवण्याची रीत शिकवता यावी म्हणून त्यांनी १९६० साली माणसाएवढी बाहुली तयार केली. पुढे १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डॉ. डेव्हिड गाबा यांनी संपूर्ण शस्त्रक्रियागृहच सरावासाठी उभे केले. पुतळ्याची नाडी चाले, रक्तदाब घसरे, आणि सर्व पथकाने मिळून संकट निभवायचे असे. एकट्याचे कौशल्य पुरेसे नसते, संकटात कोण काय बोलतो आणि कोण काय ऐकतो यावर निकाल ठरतो, हा धडा त्यांनी वैमानिकांकडून घेतला.

१९९९ साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेचा अहवाल आला. तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावतात, असा अंदाज त्यात होता. माणूस चुकणारच, म्हणून चूक रुग्णापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था बांधा, हे त्या अहवालाचे सार होते. त्यानंतर सराव-प्रयोगांना मोठी चालना मिळाली, आणि संगणक आल्यावर सरावात संगणकही आला.

ओरेगॉन राज्याच्या आरोग्य विद्यापीठातील शिक्षकांनी एक साधा प्रयोग केला. अतिदक्षता विभागातील एका काल्पनिक रुग्णाची पाच दिवसांची नोंद त्यांनी संगणकात भरली आणि तीत १४ धोके पेरून ठेवले. शिकाऊ डॉक्टरांना सांगितले, ही नोंद वाचा आणि रुग्णाची स्थिती आम्हांला सांगा. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरासरीने केवळ ४१ टक्के धोके ओळखले गेले. माहिती सगळी पडद्यावर होती, पण वेगवेगळ्या पानांत विखुरलेली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, एकदा सराव आणि त्यावर चर्चा झाली, की तीच मंडळी दुसऱ्या वेळी अधिक धोके ओळखतात. म्हणजे हे कौशल्य शिकवता येते.

असा सराव चालतो कसा, ते थोडक्यात सांगते. एका खोलीत खाट असते, खाटेवर पुतळा, शेजारी संगणक. तीन-चार विद्यार्थ्यांना ड्यूटीवर पाठवतात. शिक्षकाने आधीच काही गोष्टी पेरलेल्या असतात. एकाच नावाचे दोन रुग्ण यादीत असतात. वजन किलोऐवजी पौंडांत लिहिलेले असते. पेनिसिलिन सोसत नाही ही नोंद मागच्या पानावर दडलेली असते. मध्येच फोन वाजतो, नातेवाईक येऊन घाई करतो. कधी शिक्षक स्वतःच वरिष्ठ डॉक्टर होऊन चुकीची मात्रा ठामपणे सांगतो आणि कोणी हरकत घेते का, हे पाहतो.

कधी संगणकच बंद पाडतात. ही काही कल्पनेतील आपत्ती नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. ज्याने कागदावर काम करण्याचा सराव ठेवला नाही, त्याने अशा दिवशी काय करावे?

सराव वीस मिनिटांत संपतो. खरे शिक्षण त्यानंतर होते. सर्व जण गोल बसतात आणि काय घडले ते शांतपणे आठवतात. ‘तू का चुकलास’ असे शिक्षक विचारीत नाहीत. ‘त्या क्षणी तुला काय दिसत होते, मनात काय आले’ असे विचारतात. मग एखादी मुलगी म्हणते, ‘मला शंका आली होती, पण सर बोलत होते म्हणून मी गप्प राहिले.’ त्या एका वाक्यासाठी ही सारी उठाठेव असते. कारण तेथे गप्प राहिल्याने फक्त पुतळा दगावतो. तो उद्या पुन्हा उठून बसतो.

आपल्या देशातही हे वारे पोहोचले आहे. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा असणे आवश्यक ठरले. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सराव-प्रयोगांना स्थान आहे आणि आरोग्य-माहिती तंत्रज्ञान हा विषयही आहे. सर्व ठिकाणी महागडे पुतळे असतीलच असे नाही. त्यावाचून सगळे अडते असेही नाही. दोन छापील केसपेपर, एक जुना संगणक आणि प्रश्नाचे स्वागत करणारा शिक्षक एवढ्या सामग्रीवरही पुष्कळ शिकवता येते. तसेच सराव हा रुग्णाजवळच्या अनुभवाची जागा घेत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुतळ्याला भीती वाटत नाही, त्याची आई दाराशी रडत उभी नसते. पहिली चूक खऱ्या रुग्णावर होऊ नये, एवढेच सरावाचे काम.

आता मी आपल्या घरात येते. आपल्या समाजात अदबीला फार मोठे स्थान आहे आणि ते असावे. परंतु अदब म्हणजे तोंड बंद ठेवणे, असा अर्थ आपण कधीपासून घेऊ लागलो? मुलगी प्रश्न विचारते तर तिला ‘जबान चालवू नकोस’ म्हणतो. मुलाने उस्तादांना शंका विचारली तर तो उद्धट ठरतो. हीच मुले उद्या वॉर्डात उभी राहतील आणि साडेअडतीस गोळ्या समोर येतील, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेल का?

आपला इतिहास तर निराळे सांगतो. अबू बक्र अल-राझी हे बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. त्या काळी ग्रीक वैद्य जालीनूस, म्हणजे गॅलन, यांचा शब्द अखेरचा मानत. राझींनी त्यांना आपले गुरू मानले आणि तरीही त्यांच्या मतांवरील शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी त्याहून मोठी हिंमत केली. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे जालीनूसांनी लिहिले होते आणि इब्न सीना यांनीही ते स्वीकारले होते. इब्न अल-नफीस यांनी १२४२ सालच्या आपल्या भाष्यात लिहिले की, तेथे छिद्र नाही, रक्त फुप्फुसांतून फिरून येते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या या म्हणण्याला बेअदबी कोण म्हणेल?

आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. रमजानमध्ये आपण तरावीहला उभे राहतो. इमाम कुरआन शरीफ पढत असता कोठे अडखळला किंवा एखादी आयत सुटली, तर मागे उभा असलेला हाफिज तत्काळ ती आठवून देतो. आपण त्याला लुकमा देणे म्हणतो. देणारा वयाने लहान असला तरी तो देतो आणि इमाम तो घेतो. मशिदीत कोणी त्याला उद्धट म्हणत नाही. इमामाचाही अपमान होत नाही. उलट लुकमा देण्यासाठी जाणता हाफिज मुद्दाम मागे उभा करतात. कारण पढणे बिनचूक व्हावे, ही दोघांचीही इच्छा असते. रुग्णालयात परिचारिकेने डॉक्टरला ‘सर, ही मात्रा एकदा पाहता का?’ म्हणणे हे याहून वेगळे नाही. ज्या समाजाला लुकमा देणे आणि घेणे ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

पालकांना माझी विनंती आहे. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीकडे काही घरांत अजून कमीपणाने पाहिले जाते. ‘शिकायचे तर डॉक्टर हो, नाही तर घरी बस’ असे म्हटले जाते. मी तुम्हांला आत्ताच सांगितलेल्या हकीकतीत शेवटचा दरवाजा परिचारिकेच्या हाती होता. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये जी शेवटची व्यक्ती उभी असते, तिचे काम हलके कसे? मुलींना या कामाला पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी घरात त्यांना विचारण्याची सवय लागू द्या. तुमचा हिशेब चुकला आणि मुलीने दाखवून दिला, तर तिला शाबासकी द्या. तिच्या शिक्षणाची सुरुवात तेथेच झाली.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगते. गणिताच्या उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुरुजी अर्धा गुण कापतात, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. मिलिग्रॅम आणि दर किलोला मिलिग्रॅम यांतला फरक अर्ध्या गुणाचा नाही, हे आज तुम्ही ऐकले. दुसरे, संगणकाने किंवा मोबाइलने दिलेले उत्तर आले की स्वतःला विचारा, हे संभवते का? एका वेळी साडेअडतीस गोळ्या कोणी घेतो का? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आणि आपण सर्वांनी, रुग्णालयात गेल्यावर आपले पूर्ण नाव, वजन, चालू औषधांची यादी आणि न सोसणारे औषध स्वतः सांगावे. नोंद संगणकात आहे म्हणून गप्प बसू नये. हाती आलेले औषध नेहमीपेक्षा वेगळे दिसले तर नम्रपणे विचारावे. चांगली परिचारिका त्याने रागावणार नाही. ती तुमचे आभार मानील.

 ऐकताना कोणाच्या मनात शंका आली असेल, तर ती घरी घेऊन जाऊ नका. मी येथेच बसले आहे. जरूर विचारा.

खुदा हाफिज.